तालमीविना कसली तालीम?

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव समारंभ झाला. शादीखाना खचाखच भरला होता. एका निवृत्त अधिकाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. पुढच्या वर्षी दहावीला बसणाऱ्या मुलांना त्यांनी उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून बॅट माळ्यावर. मार्चपर्यंत मैदान विसरायचं. हा कौमचा सवाल आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. मुलींना उभं करावं असं त्यांना वाटलं नाही. ज्यांच्या हातात बॅट कधी दिलीच नाही, त्या माळ्यावर काय ठेवणार?

टाळ्या वाजवणारी ही बाई गणिताची शिक्षिका आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातला पहिला आरोप माझ्यावर आहे. मी अकरा वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास असतात. दिवाळीनंतर ते कागदावरच राहतात. "सर, आजचा तास द्या ना, भूमिती राहिलीय," असं मी खेळाच्या सरांना म्हणायची आणि ते द्यायचे. विज्ञानाच्या मॅडमही मागायच्या. तो तास कुणी घ्यायचा यावरून आमच्यात कुरबुर व्हायची. मुलांना विचारावं असं कुणालाच सुचलं नाही. चोरीला चोरीच म्हणायला हवं. मी मुलांचा खेळ चोरला आणि त्याला 'जादा तास' असं नाव दिलं.

चोरी करून मिळालं काय? माझ्या वर्गात एक मुलगी होती. आठवीत ती खो-खोच्या संघात होती. पाठलागाला उठली की खांबापाशी तिला चुकवणं कुणाला जमत नसे. नववी सुरू झाली आणि तिचे वडील शाळेत आले. रिक्षा चालवतात, अतिशय सज्जन माणूस. "मॅडम, बच्ची अब बड़ी हो गई. आणि आता दहावी येईल. खेळणं बंद करा तिचं." मी मान डोलावली, कारण मलाही तेच हवं होतं. गणितात तिला तोपर्यंत शंभरातले साठ-बासष्ट मिळायचे. खेळ बंद झाल्यावरही साठ-बासष्टच मिळत राहिले. फरक पडला तो वेगळाच. शेवटच्या तासाला ती पेंगू लागली. फळ्याशी यायला टाळू लागली. एकदा मी विचारलं, "पाच ते सहा, पूर्वी तू ज्या वेळात खेळायचीस, तेव्हा आता काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही, मॅडम. घरी असते."

'घरी असते.' त्या एका तासाचं अभ्यासात रूपांतर झालं नाही. तो धुण्याभांड्यांत गेला, धाकट्या भावाला सांभाळण्यात गेला, मोबाईलमध्ये गेला. मुलांचंही तेच होतं. बॅट माळ्यावर गेली की हात पुस्तकाकडे जातो, हा आपला गोड गैरसमज आहे. हात फ्री फायरकडे जातो.

एका मुलीच्या उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे गणित शिकवणाऱ्या बाईला कळतं. म्हणून मी जरा शोधलं, आणि जे सापडलं त्यानं माझी झोप उडाली.

अमेरिकेतल्या 'सीडीसी' या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१० मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. शाळेतला खेळ, कवायत, व्यायाम यांचा अभ्यासाशी काय संबंध आहे हे पाहणारे ५० अभ्यास त्यांनी तपासले. त्यांत गुण, एकाग्रता, वर्गातलं वर्तन अशा गोष्टींशी जोडलेले २५१ संबंध मोजलेले होते. निम्म्याहून किंचित जास्त संबंध खेळाच्या बाजूनं निघाले. जवळजवळ निम्म्यांत काही विशेष फरक दिसला नाही. आणि खेळामुळे अभ्यासाचं नुकसान झालं असे किती? दीड टक्का. २५१ पैकी साधारण चार.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. ज्या भीतीपोटी मी अकरा वर्षं तास चोरले, ज्या भीतीपोटी त्या वडिलांनी मुलीला घरी बसवलं, त्या भीतीच्या बाजूनं शंभरातला दीड पुरावा आहे.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात सुमारे पाच हजार मुलांचा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा वर्षांच्या मुलामुलींच्या कमरेला हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधलं. "किती खेळतोस?" असं विचारलं की सगळेच फुगवून सांगतात, म्हणून यंत्र. मग त्यांचे अकराव्या, तेराव्या आणि सोळाव्या वर्षीचे परीक्षेतले गुण पाहिले. सोळाव्या वर्षीची परीक्षा म्हणजे त्यांची दहावीच. दम लागेल इतकी हालचाल जी मुलं जास्त करत होती, त्यांचे गुण पुढच्या वर्षांतही थोडे बरे होते. आणि विज्ञानात हा फायदा मुलींमध्ये विशेष दिसला. आपण ज्यांना सर्वांत आधी घरी बसवतो, त्या मुलींमध्ये.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. फरक मोठा नाही. रोज धावलं म्हणून साठाचे नव्वद होत नाहीत. असं वचन देणारा माणूस क्लासवाल्यांच्या जाहिरातीइतकाच खोटा. शिवाय ज्यांच्या घराजवळ मैदान असतं त्यांच्या घरात अनेकदा अभ्यासाचं टेबल आणि शिकलेली आईही असते. म्हणजे सगळं श्रेय खेळाला देता येत नाही. संशोधक हे घटक वेगळे काढायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्ण वेगळे निघत नाहीत. मान्य. पण मग प्रश्न उलटा विचारा. खेळ सुरू ठेवा म्हणणाऱ्याकडून आपण पुरावा मागतो. खेळ बंद करा म्हणणाऱ्याकडून तो कधी मागितला आहे? मूल रोज आनंदानं करत असलेली, शरीराला निर्विवाद फायद्याची गोष्ट जो काढून घेतो, पुरावा त्यानं द्यायला हवा. शादीखान्यातल्या त्या पाहुण्यांनी तो दिला नाही. मीही कधी दिला नव्हता.

शरीर हलल्यावर डोकं का चालतं, यात जादू नाही. हृदयाचे ठोके वाढतात, मेंदूला रक्त जास्त मिळतं, आणि खेळून आल्यावर काही वेळ लक्ष अधिक टिकतं. रात्रीची झोप गाढ लागते आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. खेळात मूल आणखी एक गोष्ट शिकतं, ती मला गणितात शिकवता येत नाही. खो-खोत 'खो' मिळेपर्यंत उठायचं नाही. मोह आवरून बसायचं आणि क्षणात निर्णय घ्यायचा. परीक्षेत चुकीच्या उत्तराकडे झेपावणारा हात थांबवायला हीच सवय लागते.

रिक्षावाल्या त्या वडिलांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. सच्चर समितीनं २००६ मध्ये नोंदवलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी दहावीला बसतं आहे, त्या घराला मार्कशीट हाच एकमेव जिना दिसतो. त्या जिन्यावर चढताना हातातलं सगळं खाली टाकावं असं वाटणं साहजिक आहे. पण भीतीपोटी आपण नको ती वस्तू टाकतो आहोत. शिक्षण संपलं असं वाटणाऱ्या मुलाला कितीतरी वेळा शाळेत खेचून आणणारी गोष्ट भूमिती नसते. आज संघाचा सामना आहे म्हणून शाळेत आलेली मुलं मी पाहिली आहेत. गणिताचा जादा तास आहे म्हणून धावत आलेलं मूल अजून पाहायचं आहे.

आता मुलींबद्दल स्पष्ट बोलू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये सांगितलं की ११ ते १७ वयाच्या दर शंभरांतल्या ८१ जणांची तेवढी हालचाल होत नाही. मुलग्यांत ७८, मुलींत ८५. म्हणजे हा रोग एकट्या आपल्या समाजाचा नाही, जगाचा आहे. पण 'सगळीकडेच असं आहे' म्हणून सुटका करून घेता येणार नाही. आपल्याकडे मुलीचा खेळ थांबतो तेव्हा दर वेळी दोन कारणं एकत्र येतात. तोंडावर सांगायचं कारण दहावी, आणि मनातलं कारण 'मोठी झाली'. दहावी संपल्यावर तिला कुणी मैदानावर परत पाठवलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. यावरून खरं कारण कोणतं ते कळतं.

मनातल्या कारणाला धर्माचं नाव दिलं जातं. माझ्यापुरतं सांगायचं तर तेरा वर्षांच्या मुलीनं धावावं यासाठी मला कुठल्याही ग्रंथाची परवानगी लागत नाही. तिचं शरीर तिचं आहे आणि संविधानानं तिला बरोबरीचा हक्क दिला आहे. पण जे धर्म पुढे करतात त्यांनी तो पुरता तरी सांगावा. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात पैगंबर मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांच्या धावण्याच्या शर्यतीची हकिकत आहे. एकदा हजरत आयेशा जिंकल्या, पुढे कधीतरी पैगंबर जिंकले. बुखारींच्या संग्रहात आहे की ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि पैगंबरांनी हजरत आयेशांना ते मनसोक्त पाहू दिले. या हकिकती जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकल्यात? पोशाखाचा मुद्दाही आता जुना झाला. डोकं झाकून खेळायला फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेनं २०१७ मध्ये परवानगी दिली. इब्तिहाज मुहम्मद हिजाब घालून अमेरिकेकडून तलवारबाजी खेळली, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सांघिक कांस्यपदक घेऊन आली, आणि त्याआधी ड्यूकसारख्या नामांकित विद्यापीठातून पदवीधर झाली होती. हिजाब घालायचा की नाही हे मुलीनं ठरवावं. तो घालणारीलाही मैदान बंद आणि न घालणारीलाही बंद असेल, तर अडचण कपड्याची नव्हतीच.

"पण मॅडम, मैदान आहे कुठे?" हा प्रश्न खरा आहे. आपल्या वस्त्या दाट आहेत आणि त्या दाट का झाल्या हेही आपल्याला माहीत आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली. जिथे सुरक्षित वाटतं तिथे माणसं एकावर एक राहतात, आणि नगरपालिकेला अशा वस्तीत मैदान द्यायची घाई नसते. याचा जाब सरकारला विचारायलाच हवा. त्याच मुंब्र्यात 'परचम' या संस्थेच्या मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली आणि मुलींना खेळायला जागा हवी म्हणून सह्या गोळा केल्या. कोपऱ्याकोपऱ्यावरचे टोमणे खाऊन त्या खेळल्या. मैदान मागणं हे नागरिकाचं काम आहे, हे त्यांनी आपल्या मोठ्यांना शिकवलं.

पण सरकारकडे बोट दाखवताना आपल्या संस्थांना सोडून कसं चालेल? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पहिली ते आठवीच्या शाळांसाठी त्याच्या परिशिष्टात मैदान आणि खेळाचं साहित्य हे शाळेचे निकष म्हणून लिहिलेले आहेत. शंभराहून जास्त मुलं असतील तर सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षकही. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवलं की हा कायदा अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना लागू होत नाही. या निकालाचा फेरविचार व्हावा असं २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सुचवलं आहे. तो व्हायचा तेव्हा होईल. आपली संस्कृती जपण्यासाठी मिळालेलं हे स्वातंत्र्य मोलाचं आहे. मात्र त्याचा अर्थ आपल्या काही संस्थाचालकांनी 'मैदान नसलं तरी चालतं' असा घेतला. शाळेच्या आवारात दुकानांचे गाळे निघतात, तिसरा मजला चढतो, आणि मुलं सुट्टीत जिन्यावर उभी राहून डबा खातात. मुलांचं मैदान हा आपल्या संस्कृतीला धोका होता का? ज्या शाळेला देणगी देता, तिच्या पुढच्या सभेत एवढा एकच प्रश्न विचारा.

आणि एक जागा आपल्याकडे आधीपासून आहे. गावोगावी ईदगाह आहे. वर्षातून दोनदा तिथे नमाज होते. उरलेले दिवस बहुतेक ठिकाणी ती मोकळी पडलेली असते, किंवा मोहल्ल्यातली पोरं भिंतीवरून उड्या मारून तिथे चोरून क्रिकेट खेळतात. ट्रस्टींनी रीतसर ठरवून रोज संध्याकाळी एक तास मुलींना आणि एक तास मुलांना ती का देऊ नये? अदब राखून, साफसफाईची जबाबदारी मुलांवरच टाकून. काही जण म्हणतील की पाक जागेत खेळ कसा? त्यांनी मशिदीतल्या भाल्यांच्या खेळाची हकिकत पुन्हा वाचावी. जिथे भाले चालले तिथे दोरीवरच्या उड्या चालतील.

आपल्या दोन्ही भाषांत एक शब्द आहे: तालीम. उर्दूत, आपल्या घरात, तालीम म्हणजे शिक्षण. 'इल्म' ज्या अरबी धातूतून आला, त्यातूनच हा शब्द आला. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, जिथे लाल मातीत अंग घुसळलं जातं. कोल्हापूरच्या तालमींत आजही मोहरमला पंजे बसतात आणि त्यासाठी हिंदू पैलवान राबतात. मराठी माणसानं हा शब्द आपल्याकडून घेतला आणि त्यात शरीर ओतलं. आपण मात्र आपल्या तालमीतून शरीर काढून टाकलं. त्याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं आणि १९१२ मध्ये खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून पूर्ण केलं. मुलाला वसतिगृह हवं आणि मैदानही हवं, या दोन गोष्टींत त्यांना भांडण दिसलं नाही. शंभर वर्षांनी ते आपल्याला दिसायला लागलं.

तुमच्यापैकी पुष्कळ जण विशीतले आहात. आई-वडिलांशी वाद घालण्याइतके मोठे आणि धाकट्या भावंडांबरोबर धावण्याइतके लहान. म्हणून मागणी तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात कुणी नववी-दहावीत असेल तर त्याचा किंवा तिचा रोजचा एक तास राखा. घरच्यांशी भांडायची वेळ आली तर बहिणीच्या बाजूनं भांडा, आणि ती मैदानावर असताना तिचा राखणदार बनून काठावर उभे राहू नका, तुम्हीही खेळा. मैदान नसेल तर गच्ची, दोरी, सायकल, शाळेपर्यंतचं चालणं, काहीही चालेल. तुमच्या मोहल्ल्यात यंदा गुणगौरव समारंभ होईल. कुणी 'बॅट माळ्यावर' म्हणालं तर उठून विचारा, "पुरावा काय?" माझ्यासारखी टाळी वाजवू नका.

मी या जूनपासून खेळाचा तास मागणं बंद केलं. माझ्या भूमितीचं एक प्रकरण मागे पडलं आहे. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून विचारलं, तीन पालकांनी तक्रार केली. मी त्यांना सीडीसीचे आकडे दाखवले. एकाला पटले, दोघांना पटले नाहीत. त्या खो-खोवाल्या मुलीची दहावी आता झाली. ती परवा रस्त्यात भेटली. मी विचारलं, "खेळतेस का गं?" ती हसली आणि म्हणाली, "आता कुठे, मॅडम." तिचा तास मला परत करता येत नाही. तिची धाकटी बहीण सातवीत आहे, आणि तिचं नाव संघात आहे. तिचे वडील पुन्हा शाळेत येतील तेव्हा मी मान डोलावणार नाही.